मटन स्ट्रीटवर मिळालेली कंपनी सरकारची चकमकीची बंदूक

चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचे एक परवानाधारक दुकान आहे. तेथून गेल्या डिसेंबरात मी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एक ठासणीची, चकमकीवर म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी बंदूक एक लाख दहा हजार रुपयांना घेतली. सहा महिने ती रोज पाहिल्यावर आणि तिच्यावरील प्रत्येक खूण तपासल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. बंदूक अस्सल आहे आणि पैसे वाया गेलेले नाहीत. तिच्यासोबत मिळालेल्या पलटणीच्या इतिहासाच्या चिठ्ठीबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही.

आधी बंदुकीविषयी. नळी ३९ इंचांची आहे, दारू-गोळी ठासण्याचा गज अडकवण्यासाठी तीन पितळी नळकांडी आहेत आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. या तिन्ही गोष्टी ‘इंडिया पॅटर्न’ या नमुन्याच्या आहेत. त्याआधीच्या ब्रिटिश बंदुकांची नळी ४६ आणि नंतर ४२ इंचांची असे. कंपनीने आपल्या शिपायांसाठी आखूड, साधी आणि स्वस्त बंदूक पसंत केली. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटून ब्रिटनला शस्त्रांचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा तेथील सरकारने कंपनीच्याच साठ्यातून या बंदुका घेतल्या आणि १७९७ साली हाच नमुना आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. हिंदुस्थानातील शिपायासाठी ठरलेले हत्यार अशा रीतीने इंग्लंडच्या सैनिकाच्या खांद्यावर गेले, ही गोष्ट मला या बंदुकीच्या कोणत्याही नक्षीकामापेक्षा मोलाची वाटते.

घोड्याची यंत्रणा हा या नगाचा सर्वांत चांगला भाग आहे. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पातीवर आपटते, त्या धक्क्याने पात पुढे उलटून खालची रंजक म्हणजे पेटवणीच्या दारूची वाटी उघडी होते, ठिणग्या तिच्यात पडतात आणि ज्वाला कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रातून, नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. नळीचा व्यास पाऊण इंच, पण गोळी त्याहून बरीच बारीक असे, कारण काही फैरींनंतर नळीत काजळी साचली तरी गोळी खाली उतरली पाहिजे. त्यामुळे नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा राहत नसे आणि म्हणूनच पलटण रांगेत उभी राहून एकदम फैर झाडत असे. माझ्या नगातील कमान आजही ताठ आहे आणि अर्ध्या चापावर घोडा ठाम थांबतो. मूळच्या चकमकीच्या पुष्कळ बंदुका पुढे टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीवर चालणाऱ्या, करून घेतल्या गेल्या आणि अलीकडे विक्रीसाठी त्यांना पुन्हा चकमक बसवली जाते. त्यामुळे मी घोडा बसवलेल्या पट्टीवरील स्क्रूची छिद्रे आणि कानाभोवतीचा पोलाद भिंगाखाली पाहिला. बुजवलेले छिद्र किंवा नवे वेल्डिंग कोठेही आढळले नाही.

आता चिठ्ठीकडे वळतो. ‘जंगी पलटणीची १७६८ सालची बंदूक’ असे त्या चिठ्ठीवर लिहिले होते. जंगी पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १७६८ साली मुंबईत ‘बॉम्बे सिपॉईज’ची दुसरी बटालियन म्हणून ती उभी राहिली. तिचे नाव वाचून कोणाही मराठी माणसाचे मन हलेल, माझेही हलले. पण घोडा ज्या पट्टीवर बसतो तिच्यावर मुकुट धरलेला उभा सिंह कोरलेला आहे आणि ही खूण कंपनीने १८०८ च्या सुमारास वापरायला सुरुवात केली. त्यापूर्वीच्या कंपनीच्या हत्यारांवर बदामाच्या आकाराची व्यापारी मुद्रा असे. म्हणजे ही बंदूक पलटण उभी राहिल्यानंतर निदान चाळीस वर्षांनी घडली.

दस्त्याच्या पितळी तळावर ‘३’ आणि त्याखाली ‘४१’ असे आकडे आहेत. दुकानदारांनी त्यातील ३ चा अर्थ ‘तिसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ असा लावला होता. जंगी पलटणीला हा क्रमांक १८२४ च्या पुनर्रचनेत मिळाला आणि १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले तेव्हा तिची १०३ वी झाली. त्यामुळे दुकानदारांचा अर्थ अशक्य नाही, परंतु मद्रास आणि बंगालच्या फौजांतही तिसऱ्या पलटणी होत्या आणि नुसता आकडा हा पलटणीतल्या एखाद्या तुकडीचा किंवा हत्यारांच्या मांडणीचाही असू शकतो. ज्या पलटणीने खरोखर रक्त सांडले तिच्या नावावर खात्रीविना हत्यार विकणे मला गैर वाटते.

हे सारे मी खुणांच्या छायाचित्रांसह दुकानदारांपुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि ‘कंपनी छाप, इंडिया पॅटर्न, १८०८ नंतरची’ अशी नवी पावती करून दिली. त्यांच्या या वागण्यामुळे मी ते दुकान इतरांना सुचवू शकतो.

घेऊ इच्छिणाऱ्यांनी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवानाधारकानेच करायचा असतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सवलत दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारांनाच आहे. माझ्या बंदुकीची नळी आतून कायमची बंद केलेली आहे, तरीही मी पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज करून लेखी खातरजमा करून घेतली.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादाची काळजी सतत घ्यावी लागते. जूनमध्ये पट्टीच्या कडेला तांबूस ठिपके दिसू लागताच मी मऊ कापडाने पातळ खनिज तेल लावले आणि बंदूक भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवली. पितळ मात्र चिंचेने किंवा पॉलिशने घासून चकचकीत करू नये, कारण त्यावरील काळपट थराबरोबर ‘३’ आणि ‘४१’ हे आकडेही पुसट होतील.