बालरक्तकर्करोग विभागातील बुरशीसंसर्गाचे उपचार : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या सहा वर्षांच्या मुलीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) पहिल्या टप्प्याची केमोथेरपी चालू असताना फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग झाला, आणि पुढचे तीन महिने आम्ही या विभागाची सेवा फार जवळून पाहिली.

न्युट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली होत्या आणि प्रतिजैविके देऊनही ताप ९६ तासांनंतर उतरला नव्हता. खोकला नव्हता, एक्स-रेही स्वच्छ होता. तरीही डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करवून घेतला आणि त्यात गाठी दिसल्या. फुफ्फुसातील द्रवाच्या अहवालासाठी न थांबता त्याच संध्याकाळी लायपोसोमल अँफोटेरिसिन बी हे शिरेतून द्यायचे बुरशीविरोधी औषध सुरू झाले.

या बुरशीवर सहसा व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाला पहिली पसंती असते, मग ते का नाही, असे मी विचारले. डॉक्टरांनी शेजारी बसून सांगितले, की ते औषध केमोथेरपीतील व्हिंक्रिस्टिन या औषधाचा यकृतातील निचरा मंदावते, आणि त्यामुळे तीव्र बद्धकोष्ठता, हातापायांतील अशक्तपणा, क्वचित झटकेही येऊ शकतात. म्हणून व्हिंक्रिस्टिनच्या मात्रा संपेपर्यंत अँफोटेरिसिनच चालले. त्याने पोटॅशियम घटते आणि मूत्रपिंडावर ताण येतो, त्यामुळे रक्ततपासणी रोज होई. सलाइनशी (मिठाच्या पाण्याशी) संपर्क आल्यास या औषधाचा साका बनतो, म्हणून परिचारिका प्रत्येक वेळी नळी आधी डेक्स्ट्रोजने (साखरेच्या द्रावणाने) धुऊन घेत. ही शिस्त रात्रपाळीतही ढळली नाही.

पुढे व्होरिकोनाझोल सुरू झाल्यावर त्याची रक्तातील पातळी तपासली गेली, हा मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. लहान मुलांचे शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा वेगाने बाहेर टाकते, त्यामुळे वजनाच्या प्रमाणात त्यांना मात्रा जास्त लागते. पहिली पातळी प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी निघाली. मात्रा वाढवून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कुठे ती पुरेशी ठरली. मात्र नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जात असल्याने अहवालाला पाच दिवस लागले, आणि अशा आजारात पाच दिवस फार होतात.

खोलीतील हवा गाळलेली होती, पण बाहेरच्या मार्गिकेत दुरुस्तीची धूळ उडत होती, आणि बुरशीचे बीजाणू अशाच धुळीतून येतात. आम्ही तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी तो भाग बंद केला गेला. ते आधीच व्हायला हवे होते.

घरी सोडतानाच्या सूचनाही तोंडीच मिळाल्या. व्होरिकोनाझोल जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर द्यायचे हे आमच्या ध्यानात राहिले, हे औषध चालू असताना मुलीला उन्हापासून जपायचे हे मात्र थकव्यात निसटले, आणि तिचे गाल भाजल्यासारखे लाल झाले. हे आम्ही कळवल्यावर विभागाने लेखी पत्रक दिले. पुढच्या टप्प्यात पुन्हा व्हिंक्रिस्टिन आहे. त्याआधी व्होरिकोनाझोल कोणत्या तारखेला थांबवायचे आणि मधल्या काळात काय द्यायचे, हेही त्या पत्रकात आहे.