जनरेटर आचके देतो, आणि बिल लागतं ऑक्टेनचं

कॅरव्हॅनचा जनरेटर महिनोन्‌महिने पडून असतो. सहलीच्या तोंडावर बाहेर काढला की सुरू होतो, पण आवाज एकसारखा लागत नाही. चढतो, पडतो, पुन्हा चढतो. एसी लावला की मान टाकतो. अशा अवस्थेत तो दुरुस्तीला गेला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "साधं पेट्रोल घालता ना? ऑक्टेन कमी पडतंय." मग प्रीमियम पेट्रोल, ऑक्टेन बूस्टरची बाटली आणि "इंजिन आतून साफ केलं" अशा तीन रकमा बिलात चढतात.

गिऱ्हाईक फसतं, कारण जनरेटर खरोखरच नीट चालू लागतो. आतल्या बाजूला मिस्त्रीने शिळं पेट्रोल काढून टाकलेलं असतं, फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सोडून तळाचा चिकट गाळ वाहू दिलेला असतो आणि जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर, कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा (कार्ब क्लीनर) मारलेला असतो. गिऱ्हाईकासमोर मात्र फक्त बाटली ओतली जाते. श्रेय बाटलीला, आणि पुढच्या हंगामात गिऱ्हाईक पुन्हा दारात.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल ठिणगीआधी किंवा भलत्या जागी आपोआप पेटू नये, एवढीच त्याची कसोटी. जनरेटरच्या छोट्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साधारण ८ ते ९ला १ असतं, आणि असं अवेळी पेटणं ओळखणारा मोटारीसारखा नॉक सेन्सर त्याला सहसा नसतोच. जादा ऑक्टेन दिलं तरी ते वापरणार कोण? ऑक्टेन खरंच कमी पडलं, तर भर लोडवर धातूची टकटक ऐकू येते. बिनालोडचा, म्हणजे काहीच उपकरण जोडलेलं नसतानाचा, चढउतार हे त्याचं लक्षणच नाही.

आकड्यांतही गोम आहे. ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन, रिसर्च आणि मोटर. काही देशांत पंपावर रिसर्च ऑक्टेन लिहितात, काही ठिकाणी या दोन आकड्यांची सरासरी. त्यामुळे एकीकडचं ९१ आणि दुसरीकडचं ८७ हे जवळपास एकच साधं पेट्रोल. मॅन्युअलमधल्या रिसर्च ९१वर बोट ठेवून सरासरीवालं ९१ गळ्यात मारलं जातं. मॅन्युअलमध्ये आकड्याबरोबर पद्धतही दिलेली असते, ती वाचावी.

बाटलीवरची "३० पॉइंट वाढ" तर त्याहून बेरकी. या धंद्यात १ पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. म्हणजे सगळं जुळून आलं तर ८७चं ९०, ११७ नव्हे. काही बूस्टरमध्ये मँगनीजचं संयुग असतं. त्याचा तांबूस थर प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बसतो, मात्रा जास्त झाली की ठिणगी चुकते, आणि मग "प्लग गेला" म्हणून दुसरं बिल.

खरा दोष ओळखायला चोक, म्हणजे इंजिनाची हवा कमी करणारी खिट्टी, पुरतो. इंजिन गरम झाल्यावर, बिनालोड, चोक हळूहळू अर्धा ओढा. आवाज स्थिरावला तर पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे बहुधा जेट तुंबलाय. उलट काळा धूर येऊन इंजिन गुदमरलं तर एअर फिल्टर बघा. नंतर इंजिन थंड करून, मोकळ्या हवेत, बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. ताजं पेट्रोल स्वच्छ दिसतं. शिळं काळपट होतं आणि त्याला वार्निशसारखा आंबूस वास येतो. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं. पाणी फार झालं की तळाशी वेगळा थर दिसतो, आणि तसं पेट्रोल कुठल्याही बाटलीने सुधारत नाही. जेटमध्ये लोखंडी तार घालणाऱ्याला तिथेच थांबवा. भोक रुंदावलं की जेट बदलावाच लागतो. क्लीनर आणि हवेचा झोत बस्स.

डोंगरावर हाच खेळ "उंचीला प्रीमियम लागतं" या नावाने चालतो. हवा विरळ झाल्याने दर ३०० मीटरला सुमारे ३.५ टक्के ताकद घटते. ती ऑक्टेनने भरून येत नाही, उलट उंचीवर ऑक्टेनची गरज कमीच होते. मुक्काम तिथेच लांबणार असेल तर कंपनीने सांगितलेला उंचीचा जेट बसवावा, आणि खाली उतरल्यावर आठवणीने मूळचा.

एक अपवाद न्यायाने सांगायला हवा. काही ठिकाणी प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं, आणि साठवणीला ते बरं पडतं. पण तो गुण ऑक्टेनचा नाही. बहुतेक कंपन्या १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. १५ टक्केवालं स्वस्तात मिळालं तरी नको.

दुरुस्तीला द्यायचाच असेल तर बाऊल आपल्यासमोर उघडायला सांगा, कार्ब्युरेटरची सफाई, पेट्रोल आणि बाटली यांच्या रकमा वेगळ्या लिहून घ्या आणि बदललेले भाग परत मागा. महिन्याहून जास्त उभा राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रव्य) घालून १० मिनिटं चालवा, मग पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप विझू द्या आणि बाऊलमधला उरलेला थेंबही ड्रेन स्क्रूतून काढा.