बेळगावच्या टिळकवाडीतला मॅडमचा फार्माकॉलॉजी (औषधांचा विषय) क्लास, तीन महिने केला त्याचा अनुभव

बऱ्याच जणी या क्लासबद्दल विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी बीएस्सी नर्सिंगची, खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्लिशमधून कसंबसं काढलं. पहिलं वर्ष अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी पाठ करून पार झालं पण फार्माकॉलॉजी सुरू झाली आणि हात टेकले. पुस्तक उघडलं की एका पानावर पंधरा औषधं, प्रत्येकाचं मेकॅनिझम, इंडिकेशन, साईड इफेक्ट, आणि सगळ्यांचे साईड इफेक्ट नॉशिया, व्हॉमिटिंग, हेडेक असेच, मग लक्षात काय ठेवायचं? हॉस्टेलमधल्या एका सीनियर अक्कानं या क्लासचं सांगितलं. बोर्डबिर्ड काही नाही, टिळकवाडीत एका घराच्या माडीवर चालतो, सगळेजण मॅडमचा क्लासच म्हणतात. मॅडमनी आधी कितीतरी वर्षं वॉर्डात काढली, मग शिकवलं, आता रिटायर आहेत. तीन महिन्यांची फी 2400, दोन हप्त्यांत देता येते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं नोट्स देतील, महत्त्वाचे प्रश्न खुणा करून देतील. तसलं काही नाही. मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, ‘दिल्यावर काय बघणार?’ आणि तीन महिने ते वाक्य पुसलं नाही. कुठलंही औषध घ्या, नाव सांगितलं, ग्रुप सांगितला, काम कसं करतं सांगितलं तरी त्या थांबतात आणि विचारतात, बरं, दिलंस, आता दिल्यावर काय बघणार? डॉक्टर लिहून जातात पण रात्री दोन वाजता पेशंटजवळ आपण असतो, असं त्यांचं म्हणणं. मला तर वाटतं पूर्ण क्लासची फी या एका प्रश्नाची आहे.

बेसिक कन्सेप्ट त्या आपल्या भागातल्या गोष्टींवरून सांगतात. फर्स्ट पास मेटाबोलिझम मला कॉलेजात तीन लेक्चरनंतरही कळलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तोंडानं गिळलेलं औषध आतड्यातून शोषलं जातं ते थेट अंगभर नाही जात, आधी पोर्टल व्हेननं (आतड्याकडून लिव्हरला जाणारी शीर) लिव्हरला जातं, आणि लिव्हर म्हणजे हायवेवरचा कोगनोळी नाका समजा. कोल्हापूरकडून येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबवतात, तपासतात, काही माल तिथंच उतरवून घेतात, उरलेला पुढं बेळगावात येतो. काही औषधांचा बहुतेक माल नाक्यावरच जातो, नायट्रोग्लिसरीन त्यातलंच, म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला ती गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, तिथल्या शिरांतून ती नाका चुकवून सरळ रक्तात जाते. आता वॉर्डात सॉर्बिट्रेटची, म्हणजे त्याच गटातली गोळी बघितली की मला नाका आठवतो आणि पेशंटला मी न विसरता सांगते, आजोबा गिळू नका, जिभेखाली विरघळू द्या, आणि बसून घ्या, उभं राहू नका, बीपी खाली येतं. बघा, ‘दिल्यावर काय बघणार’ इथंच आलं.

हाफ लाईफचंही तसंच, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. फळ्यावर नुसतं 100, 50, 25, साडेबारा, सहा, तीन लिहिलं, पाच हाफ लाईफ झाल्या की अंगात जवळपास 3 टक्केच उरतं. पॅरासिटामॉलची हाफ लाईफ दोन-तीन तास म्हणून ती दिवसातून तीन-चार वेळा द्यावी लागते, डिगॉक्सिनची (हृदयाचं औषध) साधारण दीड दिवस आणि किडनी बरी नसेल तर त्याहून जास्त. मग मॅडमनी विचारलं, डिगॉक्सिन जास्त झालं आणि आज बंद केलं, तर अंगातून जायला किती दिवस? आम्ही गप्प. दीड गुणिले पाच, म्हणजे आठवडाभर. म्हणजे गोळी बंद केली म्हणून पेशंट सुटला असं नाही, आठवडाभर लक्ष ठेवायचं. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं.

आता इन्सुलिनचा दिवस सांगते, तो मी कधी विसरणार नाही. मॅडमनी टेबलावर दोन सिरिंजा ठेवल्या, एक लाल टोपणाची, एक केशरी टोपणाची, आणि एका रिकाम्या व्हायलमध्ये (इंजेक्शनची बाटली) कुंकवाचं पाणी. म्हणाल्या हे समजा 40 युनिटवालं इन्सुलिन, एका एमएलमध्ये 40, मला 20 युनिट भरून दाखवा. एका मुलीनं लाल टोपणाच्या सिरिंजेत 20 च्या खुणेपर्यंत भरलं. दुसऱ्या मुलीनं केशरीमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं. मग मॅडमनी दोन्ही सिरिंजा उजेडासमोर शेजारी शेजारी धरल्या आणि खोलीत एकदम शांतता, कारण लालमध्ये अर्धा एमएल होतं आणि केशरीत जेमतेम त्याच्या निम्म्याहूनही कमी. केशरी सिरिंज 100 च्या इन्सुलिनची, तिच्यात 20 ची खूण म्हणजे 0.2 एमएल, 40 वाल्या व्हायलमधून तेवढं घेतलं तर पेशंटला 20 नाही, फक्त 8 युनिट गेलं. आणि उलटं केलं तर, म्हणजे 100 वालं इन्सुलिन लाल सिरिंजेत 20 पर्यंत भरलं तर 50 युनिट जातं, अडीच पट. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, “त्या माणसाला तासाभरात घाम फुटंल, हातपाय थरथरतील, बडबडेल, आणि तू नाष्ट्याला गेलेली असशील.” त्या दिवसापासून मी व्हायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही तोंडानं म्हणून बघते, शेजारची सिस्टर हसली तरी चालेल.

मला ते एवढं लागलं याचं कारण आहे. त्याआधी एका पोस्टिंगला (हॉस्पिटलचं नाव सांगत नाही) नाकातून नळी घातलेल्या पेशंटला गोळ्या द्यायच्या होत्या, मी सगळ्या गोळ्या एकत्र कुटायला घेतल्या, त्यात पँटोप्राझोलची (अॅसिडिटीची) पण होती, आणि कोणी काही बोललं नाही कारण तिथं रोज तसंच चालायचं. मॅडमच्या क्लासला येईपर्यंत मला माहीतच नव्हतं की त्या गोळीवरचं कव्हर पोटातल्या अॅसिडपासून औषध वाचवायला असतं, कुटली की औषध पोटातच खराब होतं, मग दिल्यासारखी वाटते पण उपयोग शून्य. किती दिवस त्या पेशंटला आपण नुसती पावडर देत होतो याचा विचार केला की अजून वाईट वाटतं. गोळी कुटायच्या आधी विचारायचं, आणि कुटता येत नसेल तर डॉक्टरांना दुसरा फॉर्म लिहायला सांगायचं, हे आता मी जुनियरना पण सांगते.

आपल्या भागासाठी सगळ्यात कामाचा दिवस मला कीटकनाशकाच्या विषबाधेचा वाटला. ऊस, तंबाखू, भाजीपाला, सगळीकडं फवारणी, आणि कॅज्युअल्टीला अशी केस कधी येईल सांगता येत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे त्या कीटकनाशकातलं विष, कोलिनएस्टरेज एन्झाईम अडवतं, मग ते एन्झाईम जे तोडतं ते अॅसिटिलकोलीन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) साचत जातं, म्हणून लाळ, डोळ्यातून पाणी, घाम, छातीत घरघर, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी. आणि उतारा म्हणून दिलेलं अॅट्रोपिन तिथं रिसेप्टरवर, म्हणजे अॅसिटिलकोलीनच्या बसायच्या जागेवर जाऊन बसतं, जागा अडवतं, एन्झाईमला काही करत नाही, त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम वेगळं. अँटॅगोनिस्ट म्हणजे काय हे मला त्या दिवशी खरं कळलं. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून ठेवतात की नाही, बसत पण नाही आणि दुसऱ्याला बसू पण देत नाही, तसं. आणि मग तोच प्रश्न, दिल्यावर काय बघणार? पुस्तकात लिहिलंय अॅट्रोपिनायझेशन, म्हणजे अॅट्रोपिन पुरेसं लागू झाल्याच्या खुणा. मॅडम म्हणाल्या, “ते इंग्लिश राहू दे, काखेत हात घालून बघ, कोरडी झाली काय.” छाती साफ झाली का ऐका, पल्स 80 च्या वर आला का बघा, बीपी बघा. बाहुलीवर एकटीवर विसंबू नका, ती उशिरा मोठी होते. आणि अॅट्रोपिन जास्त झालं तर पेशंट तापतो, बरळतो, ओढाओढ करतो, पोटाचे आवाज बंद होतात, लघवी अडते, मग लगेच कळवायचं.

भाषेबद्दल लिहायलाच पाहिजे. क्लासला निम्म्या मुली मराठी, निम्म्या कन्नड, चंदगडकडच्या पण दोघी येतात. मॅडम दोन्ही भाषेत सांगतात, आधी मराठी मग कन्नड किंवा उलटं, टर्म मात्र इंग्लिशच कारण पेपर इंग्लिशमध्ये लिहायचाय. पेशंटची ओळख पटवताना ‘तुम्ही अमुक का’ असं विचारायचं नाही, ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो, त्यालाच नाव सांगू द्यायचं, ‘तुमचं नाव काय’, ‘निम्म हेसरेन्री’, आणि मग हातावरच्या पट्टीशी जुळवायचं. जेवणाआधीची का जेवणानंतरची गोळी हे दोन्ही भाषेत नीट म्हणून घेतलं आमच्याकडून. कन्नड मला जेमतेम यायचं, आता औषधापुरतं तरी चांगलं येतंय.

कमी काय आहे तेही सांगते. एक, एका बॅचला पस्तीस मुली म्हणजे जास्त होतात, मागं बसलं की फळा नीट दिसत नाही, मी महिनाभर मागंच होते. दोन, ड्रिपचं गणित फार घाईनं घेतात. 500 एमएल चार तासात, सेट 20 थेंबांचा (एका एमएलला 20 थेंब), तर मिनिटाला साधारण 42 थेंब, हे एकदा करून दाखवलं आणि पुढं गेल्या, गणितात कच्च्या मुलींना आणखी दोन दिवस द्यायला पाहिजे होते, मी माझ्या मामेभावाकडून शिकून घेतलं. तीन, अँटिबायोटिक्सच्या नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की अर्धं वाचता येत नाही, मॅडमना सांगितलं तर ‘तूच चांगल्या अक्षरात लिहून आण’ म्हणाल्या, आणि आणली तर तीच सगळ्यांना वाटली. चार, संध्याकाळची बॅच साडेसातला सुटते, बाहेरगावच्या मुलींना बस धरायला धावावं लागतं, जमत असेल तर सकाळची घ्या.

आणि ज्यांना फक्त पास होण्यापुरतं पाहिजे त्यांनी जाऊ नका, खरंच सांगते, वैताग येईल. मॅडम पाठांतर करायला देतात पण थोडंच. औषधाच्या नावाच्या शेवटी ओलॉल असलं तर बीटा ब्लॉकर, प्रिल असलं तर एसीई इनहिबिटर, सार्टान, स्टॅटिन, प्राझोल, असे शेपटावरून ग्रुप ओळखायला शिकवतात, त्यानं निम्मं ओझं कमी होतं. वहीत दोन रकाने करायला लावतात, एकात वॉर्डातलं नाव, एकात पुस्तकातलं. लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाईड (लघवी वाढवणारं), मोनोसेफ म्हणजे सेफ्ट्रियाक्झोन, एमसेट म्हणजे ऑनडॅनसेट्रॉन. माझी ती वही आता 140 ओळींची झालीय.

मागच्या महिन्यात मेडिकल वॉर्डला होते तेव्हाचं सांगते. चंदगडकडची एक आज्जी, हार्ट फेल्युअर, डिगॉक्सिन आणि लॅसिक्स दोन्ही चालू. सकाळी गोळ्यांचा ट्रे घेऊन गेले तर म्हणाली, “नको बाई, दोन दिस झालं जेवान जात न्हाई, मळमळतंय, आन् हे दिवं पिवळं पिवळं दिसाय लागल्यात.” माझ्या अंगावर काटा आला कारण मॅडमनी हेच शब्द सांगितले होते, भूक जाणं, मळमळ, पिवळं दिसणं. लॅसिक्सनं पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम उतरलं की तेवढंच डिगॉक्सिन पण बाधायला लागतं. गोळी ट्रेमध्येच ठेवली, स्टेथोस्कोप छातीवर लावला आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजले, अर्धा मिनिट गुणिले दोन नाही. 52 आले. परत मोजलं, परत 52. साठच्या खाली, गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. स्टाफ सिस्टरला सांगितलं, त्यांनी लगेच फोन केला, ईसीजी झाला, रक्त पाठवलं, पोटॅशियम कमीच आलं, डिगॉक्सिन थांबवलं. चार दिवसांनी आज्जी उठून बसली आणि तिच्या सुनेनं आणलेली आंबील प्यायली. जाताना माझा हात धरून नाव विचारलं.

नवीन बॅच सेमिस्टर सुरू झालं की पंधरा दिवसांत भरते, त्यामुळं आधीच जाऊन नाव सांगून या, फोनवर मॅडम घेत नाहीत. पहिल्या दिवशी वही, पेन आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ लागतं, मोबाईल चालत नाही. मी खडेबाजारातून 250 चं घेतलं, अजून नीट चालतंय.