सेकंडहँड एक्सपल्स २००, आठ महिन्यांनंतर: जुनी घ्यावी की नवी?

कालच पुढच्या चाकाचं सहावं पंक्चर काढलं, म्हणून हे लिहायला घेतलं. हिरोच्या या एक्सपल्सची माहिती सगळ्यांना पाठ आहे: पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांचं चाक, दोन्हींत ट्यूब, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. आपल्या यवतमाळकडं जुनी की नवी हे ठरवताना लोक किलोमीटर आणि रंग बघतात. माझ्या मते आधी ती २१ इंची ट्यूब बघावी.

निव्वळ डर्ट बाइकचा विचार इथे करूच नका. लाइट नाही, नंबर नाही, आरसी नाही. घरापासून वावरापर्यंत मधे डांबरी रस्ता लागतोच आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय त्यावर गाडी घालता येत नाही. त्यामुळे नंबर प्लेट असलेली, दोन्हीकडे चालणारीच घ्यायची.

आता ट्यूब. धुऱ्यावर छाटून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या आणि तूर सोंगल्यावर राहिलेले खुंट यांना गाडी जुनी की नवी हे कळत नाही. शोरूमची गाडीही पहिल्याच आठवड्यात पंक्चर होऊन बसते आणि पंक्चर वॉरंटीत येत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे १७ आणि १८ इंची ट्यूब टांगलेल्या असतात, २१ ची नसते. नवी गाडी घेऊन ज्या त्रासातून सुटू असं वाटतं, त्यातला रोजचा त्रास तसाच राहतो. म्हणून जुनी घ्या आणि वाचलेल्या पैशातून पहिल्या दिवशी २१ च्या दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, हातपंप आणि एक्सलचा पाना घ्या. अडचणीत २१ ची ट्यूब घडी न पडू देता मागच्या १८ मध्ये बसवून घरी येता येतं. मागची ट्यूब मात्र पुढे चालत नाही.

काम असं. बॅश प्लेटखाली (इंजिनखालच्या पत्र्याखाली) लाकडाचा ओंडका लावून पुढचं चाक उचलायचं. एक्सल काढून चाक बाहेर घेतलं की ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात. मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा. चाक जमिनीवर ठेवताना एबीएसची जाळीदार चकती वर राहू द्या. टायरची एकच बाजू उघडायची. लिव्हर लावलेल्या जागेच्या समोरची कड गुडघ्यानं रिमच्या खोलगट भागात दाबून धरली तर टायर सहज निघतो, जोर लावावा लागत नाही. मग आतून फडकं फिरवायचं, बोट नाही. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. आत हरभऱ्याच्या टोकाएवढं तपकिरी टोक वर आलेलं असतं आणि तेच तीन दिवसांनी नवी ट्यूबही फोडतं. ट्यूब टाकताना तिला आकार येईल एवढीच हवा भरा. शेवटची कड व्हॉल्व्हपाशी बसवा आणि त्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकला, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटत नाही.

व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून ठेवू नका, टोपणाकडे वर सरकवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबही सोबत ओढली जाते. नट सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरपा झालेला वेळेवर दिसतो, आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो आणि त्याला ठिगळ लागत नाही. बारीक काट्यांना ट्यूबमध्ये भरायचं सीलंट चालतं, पण एकदा घातलं की पॅच नीट चिकटत नाही.

इथपर्यंत माझं मत ठाम होतं: जुनीच घ्या. जुलैत पांदण रस्ता सुरू झाला आणि त्याला एक अट जोडावी लागली. काळी माती ओली झाली की चिकट गोळा होऊन मडगार्ड आणि टायरमध्ये, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये ठासून भरते. ती काढायला गाडी धुलाई सेंटरवर जाते आणि तिथला प्रेशरचा फवारा पाण्याला थेट चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि कोनसेटमध्ये (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगमध्ये) घालतो. ग्रीस धुऊन निघतं. इथल्या जुन्या गाडीचं हँडल म्हणूनच मधोमध खटकन अडकतं. मला कोनसेटचा खर्च गाडी घेतल्या घेतल्या करावा लागला. आता गाडी बादली आणि ब्रशनंच धुतो.

म्हणून बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, इंजिन थंड ठेव; आधीच गरम केलेलं इंजिन दोष लपवतं. पोहोचल्यावर हात लावून खात्री करा. पुढचं चाक उचलून फोर्कची (पुढच्या शॉकअपची) खालची टोकं मागे-पुढे हलवा. खेळ जाणवला तर कोनसेट. फोर्क पाच-सहा वेळा दाबून नळीवर बोट फिरवा. तेलाची वर्तुळं म्हणजे सील गेले. तारांवर पाना वाजवत जा. टण वाजली की ताण बरोबर, बद्द वाजली की सैल. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढा; अर्धा दात दिसला तर चेनसेट धरून भाव करा. एअर फिल्टर उघडाच. फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत, बारीक धूळ दिसली तर ती गाडी सोडा. पिस्टनच्या रिंगा घासलेल्या असतात आणि ऑइल पिते. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे, तीही सोडा. हा माझा एकमेव कडक नियम: नाल्यात बुडालेल्या गाडीपेक्षा नवी बरी, हप्ते पडले तरी.

हिरोचीच जुनी इम्पल्स स्वस्त मिळते आणि कार्बोरेटर असल्यानं गावातला मिस्त्रीही हात घालतो, पण ती बनणं बंद झालं आहे, पार्ट शोधत फिरावं लागतं. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवलेली आहे का, हेही बघा.

कागदांत मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हवी. मध्य प्रदेशातून आलेली गाडी स्वस्त दिसते, पण तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई फारशी उरत नाही. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

आणि टायर पहिल्यांदा उघडाल तेव्हा रिमवरची रबरी पट्टी बदलून टाका. तारांच्या टोकांना गंज धरला की जुनी पट्टी तिथेच कुरतडते आणि मग ट्यूबला भोक आतल्या बाजूनं पडतं, टायरमध्ये कितीही शोधलं तरी काटा सापडत नाही.