पार्किंगच्या ५०० रुपयांपायी चटणीचे ४८ हजार गेले

मी कोल्हापुरात घरगुती कांदा-लसूण चटणी करून विकते. मार्च ते मे हा आमचा हंगाम. गिऱ्हाइकं किलोवर ऑर्डर देतात, निम्मे पैसे आधी जमा करतात आणि त्यातूनच मी मिरची, खोबरं, तीळ, धणे भरते. हे आधीच सांगते, कारण जे पैसे गेले ते माझ्या एकटीचे नव्हते.

त्या गुरुवारी सकाळी लक्ष्मीपुरीत मिरची आणायला गेले होते, थोडी ब्याडगी, थोडी संकेश्वरी. पोतं चढवायला बरं पडावं म्हणून अ‍ॅक्टिव्हा दुकानासमोरच लावली. वर ‘नो पार्किंग’चा फलक होता आणि तो मी वाचलाही होता. दहा मिनिटांत येते म्हटलं, पण मिरची निवडण्यात आणि भाव करण्यात अर्धा तास गेला. बाहेर आले तर पुढच्या वळणावर ट्रॅफिकचे पोलीस गाड्यांचे फोटो काढत होते. माझ्या गाडीचा काढला की नाही, कळेना. दिवसभर ते मनाला टोचत राहिलं.

दुपारी चारच्या सुमारास गच्चीत देठ खुडत बसले असताना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. नंबर अनोळखी, पण त्यावर पोलिसांच्या टोपीचा फोटो. माझ्या गाडीचा एमएच ०९ पासूनचा पूर्ण नंबर, कारण ‘नो पार्किंग’, दंड ५०० रुपये, आज रात्री बारापर्यंत भरा नाहीतर लायसन्स रद्द होईल. खाली एक फाइल होती, ‘आरटीओ ई-चलन’ नावाची. नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असं होतं. म्हणजे ती उघडली की फोनवर अ‍ॅप बसतं, पण हा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता.

माझा विश्वास का बसला, ते नीट सांगते. गाडीचा नंबर बरोबर होता. रक्कम बरोबर होती, कारण डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात अशा चुकीला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केली तर १५०० रुपये दंड आहे, हे मला माहीत होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चूक मी खरंच केली होती. सकाळी गाडी नीट लावली असती तर कदाचित मी दोनदा विचार केला असता. आता वाटतं, नंबरप्लेट तर रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येते. शिवाय वर्षभरापूर्वी मी हीच गाडी विकायला काढली होती. त्या जाहिरातीत प्लेट दिसणारा फोटो होता आणि शेजारी माझा मोबाईल नंबर.

बोटांना मिरची लागलेली होती. ती साडीच्या काठाला पुसून मी फाइल उघडली. फोनने अडवलंही, ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, धोका असू शकतो’ असं काहीतरी लिहून आलं. मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. मग त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, कॉलची मागितली, संपर्क यादीची मागितली. एकेक देत गेले. पुढच्या पानावर डेबिट कार्डचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. तेही भरले. पाचशे रुपये काही भरले जाईनात, ‘सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा’ एवढंच आलं. म्हटलं संध्याकाळी बघू, आणि पुन्हा मिरच्यांना बसले. अ‍ॅपचं चिन्ह फोनवरून गायब झालं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच्या खेपेची चटणी डंकावर नेली. कुटून झाल्यावर क्यूआर कोड स्कॅन केला.

“मावशी, पेमेंट फेल झालंय बघा. बॅलन्स नाही म्हणतंय.”

“असं कसं होईल? पुन्हा कर बाळा.”

तीनदा केलं. शेवटी शेजारच्या एटीएमवर जाऊन बघितलं तर शिल्लक २१६ रुपये. २४,९९९, मग १९,९९९, मग ३,५००. मी देठ खुडत होते त्या पंचवीस मिनिटांत ४८,४९८ रुपये गेले होते. ओटीपी आले असणार, पैसे गेल्याचे मेसेजही आले असणार, पण त्या अ‍ॅपने ते माझ्यापर्यंत पोचूच दिले नाहीत. परस्पर चोरट्यांकडे वळवले.

यानंतरची माझी चूक पहिल्या चुकीइतकीच मोठी आहे. मी धावत बँकेत गेले आणि तिथे दोन तास रांगेत, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. पुण्याहून मुलाचा फोन आला, “आई, आधी १९३० ला फोन कर, बाकी सगळं नंतर.” १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे गोठवायचा प्रयत्न होतो, आणि पैसे पुढे पुढे सरकत असल्यामुळे एकेक मिनिट मोलाचं असतं. मी फोन केला तोवर वीस तास उलटले होते. ११,२०० रुपये एका खात्यात अडवता आले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत. बाकीचे एटीएममधून काढून झाले होते.

बँकेने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लिहिलेली पोच मागून घ्या. मी घेतली.

पैशांपेक्षा जिव्हारी लागलं ते वेगळंच. रात्री दोन वाजता माझ्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल माझ्या चटणीच्या ग्रुपवर गेली होती. एकशे चाळीस जण आहेत त्यात. माझं नाव बघून एका निवृत्त बाईंनी ती उघडली आणि त्यांचे सहा हजार गेले. त्यांच्या घरी जाऊन मी हात जोडले. त्या मला काही बोलल्या नाहीत, उलट चहा केला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

मुलाने सांगितलं तसं मग केलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकला, सिम काढलं, कार्ड ब्लॉक केलं, दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले आणि फोन पूर्ण रीसेट केला. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, कारण ते लपून बसतं.

मग खरं चलन कसं असतं तेही बघितलं. महाट्रॅफिक ई-चलनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, तेवढं बघायचं. लक्ष्मीपुरीचं चलन तिथे नव्हतंच. होतं ते गेल्या दिवाळीतलं, महाद्वार रोडचं. त्यात जागा, तारीख, वेळ, कलम आणि माझ्या अ‍ॅक्टिव्हाचा फोटो, हँडलला अडकवलेल्या झेंडूच्या माळेसकट. ते माझंच होतं, म्हणून तिथल्या तिथे ५०० रुपये भरले आणि पावती घेतली. गाडी आपली नसेल किंवा फोटोत दुसराच नंबर दिसत असेल तर तक्रार करायची सोयही तिथेच आहे. चलन बघायला किंवा भरायला कुठलीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही.

माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणाच्या फोनवर माझ्या नावाने आलेली ती फाइल अजून पडून असेल, तर उघडू नका, आत्ताच पुसून टाका. उघडली असेल तर मला विचारत बसू नका, आधी १९३० लावा. तुमची चटणी ठरल्या भावात मिळेल, फक्त या वेळी पंधरा दिवस उशीर होईल.