एका भांड्यातल्या सूपसाठी कोणता पास्ता? पुण्यात मिळणाऱ्या प्रकारांची पारख

दुकानात उभं राहून वाचणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. थंडीत रात्रीचं पूर्ण जेवण होईल असं घेवड्याचं दाट सूप करायचं असेल, तर दुरम गव्हाच्या रव्याचा छोटा एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकडा, मॅकरोनी घ्या. डिटालिनी, म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान सरळ नळ्या, मिळाल्या तर त्याहून चांगलं. सुट्टा, पांढरट मॅकरोनी सूपसाठी घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. पेने (तिरक्या टोकांच्या मोठ्या नळ्या) आणि फुसिली (पिळाचा पास्ता) चांगल्या असल्या तरी त्या ताटलीतल्या पास्त्यासाठी ठेवा. चमच्यात एका वेळी एकच पेने मावते आणि तिच्याबरोबर ना घेवडा येतो, ना गाजर.

एरवी पास्ता उकळलेलं पाणी आपण मोरीत ओततो, त्यामुळे बेताचा पास्ताही निभावून जातो. एका भांड्यातल्या सूपमध्ये काहीच ओतलं जात नाही. पास्त्यातून जे सुटेल ते सगळं वाडग्यात येतं. चकोल्या करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कणीक सैल असली किंवा वरणाला उकळी नसताना फळं टाकली, तर वरणाची खळ होते. पास्त्याचं गणित तेच आहे.

पास्त्याचा जीव गव्हाच्या जातीत असतो. दुरम हा कठीण दाण्याचा, पिवळसर गहू. त्याच्या रव्यातली प्रथिनं शिजताना जाळीसारखी घट्ट बसतात आणि स्टार्चला धरून ठेवतात. चपातीच्या गव्हाच्या रव्यात ही पकड सैल असते, म्हणून पास्त्याचा बाहेरचा थर सूपमध्ये विरघळतो आणि आतला भाग मऊ पडतो. इटलीत तर १९६७च्या कायद्याने सुका पास्ता दुरमच्या रव्याचाच असावा असं ठरवलं. आपल्याकडेही हा गहू परका नाही. शेवयांसाठी घरोघरी मागितला जाणारा बन्सी गहू दुरमच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने महाराष्ट्र आणि कर्नाटकासाठी काढलेलं एमएसीएस ४०२८ हे वाणही दुरमचं आहे आणि त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिनं आहेत. पास्त्यासाठी लागणारा गहू इथल्या शेतात पिकतो, तेव्हा चांगला पास्ता परदेशी पाकिटातच मिळतो हा समज सोडायला हवा.

पारख करताना सूप एकच ठेवलं. १.६ लिटर पाणी, १५० ग्रॅम घेवडा, १४० ग्रॅम पास्ता. चव तीनदा घेतली: गॅस बंद करताना, २० मिनिटांनी आणि ४० मिनिटांनी. घरात सगळे एकदम जेवायला बसत नाहीत, म्हणून ४० मिनिटांची चव सगळ्यात महत्त्वाची.

मंडईच्या आसपास आणि रविवार पेठेत किलोवर मिळणारा सुट्टा मॅकरोनी पहिल्या चवीला बरा लागतो. सहा मिनिटांत शिजतो, मुलांना आवडेल इतका मऊ होतो. वीस मिनिटांनी त्याच्या कडा फुटतात आणि चाळिसाव्या मिनिटाला त्याचा गिचका झालेला असतो. सूप दाट दिसतं, पण तो दाटपणा पिठाचा असतो. जिभेवर चिकट, कच्च्या खळीसारखा. शिवाय सुट्ट्या मालावर गव्हाची जात लिहिलेली नसते आणि पावसाळ्यानंतर पोरकिडे निघण्याची शक्यता जास्त. घेतलाच असेल तर घरी एक परीक्षा करून बघा. चमचाभर पास्ता कडक गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी ताकासारखं झालं तर तो सूपमध्ये घालू नका. उकळून, पाणी काढून, भाज्या घालून परता. तिथे तो चालतो.

देशी कंपन्यांची दुरमची पाकिटं या कामासाठी सगळ्यात किफायतशीर ठरली. पाकिटाच्या पुढच्या बाजूचं चित्र बघू नका, मागची साहित्याची यादी वाचा. तिथे ‘दुरम गव्हाचा रवा’ असं स्पष्ट हवं. नुसतं ‘सुजी’ किंवा ‘गव्हाचा रवा’ लिहिलं असेल तर तो साधा गहू असू शकतो. यादीत मैदा असेल तर पाकीट परत ठेवा. दर १०० ग्रॅमला प्रथिनं १२ ग्रॅम किंवा जास्त असतील तर उत्तम. पिवळा रंग हा पुरावा नव्हे, कारण रंग घालताही येतो. दाणा मोडून पाहा. दुरमचा दाणा काचेसारखा कटकन तुटतो आणि तुटलेली जागा चकचकीत दिसते. हा एल्बो ४० मिनिटांनी फुगलेला होता, पण आकार धरून होता आणि दाताला लागत होता. एवढ्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत.

इटालियन पाकिटं कॅम्पात दोराबजींकडे आणि मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. किंमत देशी दुरमच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. यातला खरा फरक साच्याचा. पितळी-कांस्याच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत, पिठूळ दिसतो. टेफ्लॉनच्या साच्यातला गुळगुळीत आणि चमकदार असतो. खरखरीत पास्ता सूपमध्ये थोडा स्टार्च सोडतो, तो मात्र हवाहवासा. सूप रेशमासारखं मिळून येतं आणि दाणा टणक राहतो. डिटालिनी हा आकार बहुतेक वेळा याच पाकिटांत सापडतो. पाहुणे येणार असतील तर घ्यावा. दर आठवड्याच्या सूपला तेवढी गरज नाही.

खपलीचा पास्ता पुण्यातले छोटे उत्पादक विकतात. त्याचा खमंगपणा घेवड्याच्या सूपला फार शोभतो. पण खपलीची पकड दुरमपेक्षा कमी, त्यामुळे तो पटकन मऊ पडतो. पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं गॅस बंद करा आणि लगेच वाढा. ‘मल्टीग्रेन’ पाकिटांनी निराशा केली. कोंडा प्रथिनांची जाळी जागोजागी तोडतो आणि सूपच्या तळाला गाळासारखा बसतो. शेवया घालायच्याच असतील तर तुपावर लालसर भाजून अगदी शेवटी घाला. भाजल्याने त्या कमी चिकटतात. त्यांचं सूप छान होतं, फक्त ते दहा मिनिटांत संपवावं लागतं.

आता कृती. चांगला पास्ताही चुकीच्या क्षणी घातला तर वाया जातो.

घेवड्यात साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या. इटलीत या सूपला, पास्ता ए फॅजोलीला, बोर्लोटी नावाचा रेघांचा घेवडा वापरतात. वाघ्या त्याच जातीतला, रेघांचाच आणि चवीला सौम्य. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं वाण आहे हे. नसेल तर चित्रा राजमा. चौघांसाठी १५० ग्रॅम, एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून आठ तास भिजवा. मिठाने सालं मऊ होतात, फुटत नाहीत. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये घेवडा शिजतच नाही अशी तक्रार असते. दोष घेवड्याचा नाही, जड पाण्यातल्या कॅल्शियमचा आहे. तो सालीतल्या पेक्टिनला आवळून धरतो. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या ६०० मिली पाण्यात कुकरला एक शिट्टी आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं. टोमॅटो यात घालायचा नाही. आंबट पाण्यात घेवडा तासभरही कडकच राहतो. राजमा किंवा घेवडा बिनउकळीच्या मंद भांड्यात रात्रभर ठेवू नका. कच्च्या दाण्यातलं विषारी लेक्टिन जायला निदान दहा मिनिटांची खळखळती उकळी लागते, आणि कुकरमध्ये ते काम सहज होतं.

शिजलेला घेवडा पाण्यासकट पातेल्यात काढा. त्याच पाच लिटरच्या कुकरमध्ये, झाकण बाजूला ठेवून, पुढचं सगळं करायचं. तीन मोठे चमचे तेल, बारीक चिरलेला एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, चिमूटभर मीठ. मंद आचेवर बारा मिनिटं परता. इथे घाई केली तर सूपला पाणचट चव येते आणि मग कितीही मसाले घातले तरी ती झाकली जात नाही. सेलरी मंडईतल्या परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर मिळते. न मिळाल्यास कोथिंबिरीच्या देठांनी काम भागतं, चव मात्र आपल्या वळणावर जाते. मग लसणाच्या पाच पाकळ्या, अर्धा चमचा कुटलेली लाल मिरची आणि एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. पेस्टचा रंग विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत, साधारण दोन मिनिटं, परता. त्यावर ३०० ग्रॅम टोमॅटोचा रस घालून पाच मिनिटं आटवा.

घेवडा त्याच्या पाण्यासकट घाला आणि वरून आणखी पाणी घालून एकूण पाणी १.६ लिटर होऊ द्या. मीठ दीड चहाचा चमचा. मीठ आत्ताच घालायचं, कारण पास्ता शिजताना जे पाणी पितो त्यातूनच त्याला मीठ मिळतं. नंतर घातलेलं मीठ सूपमध्ये राहतं आणि पास्ता आळणी लागतो. पंधरा मिनिटं उकळा. दोन डाव घेवडा काढून चमच्याने चेचून परत सोडा. दाटपणा यातूनच यायला हवा. कॉर्नफ्लॉवरची इथे गरज नाही.

आता पास्ता. माणशी ३५ ग्रॅम, म्हणजे चौघांना १४०. डोळ्यांना हे कमी वाटतं आणि सगळ्यांत जास्त सुपं इथेच बिघडतात. कोरडा पास्ता शिजताना वजनाने दुपटीहून जास्त होतो. २५० ग्रॅम घातला तर वाढेपर्यंत सूप संपून ओलसर पास्ता उरतो. सूप खळखळ उकळत असतानाच घाला आणि पहिली दोन मिनिटं तळापासून ढवळत राहा. पृष्ठभागावरचं स्टार्च तेव्हाच चिकट असतं. त्या वेळी दुर्लक्ष झालं तर दाणे एकमेकांना आणि बुडाला लागतात, आणि करपल्याचा वास पूर्ण भांड्यात पसरतो. पातळ बुडाच्या जर्मनच्या पातेल्यात हा धोका जास्त. पाकिटावरची वेळ भरपूर, उकळत्या पाण्यासाठी असते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि दाट सूपची उकळीही मंद असते. म्हणून एखाद-दोन मिनिटं जास्त लागू शकतात. घड्याळापेक्षा दाणा तोडून बघा. भाताची कणी राहते तसा मधोमध केसाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. झाकण अर्धवट ठेवून चार मिनिटं थांबा, कणी आपोआप जाते.

पास्ता घातल्यावर कुकरला झाकण लावून शिट्टी काढायची नाही. स्टार्चचा फेस वर चढून वाफेच्या नळीत अडकतो. ‘एका शिट्टीत पास्ता’ सांगणाऱ्या कृती या सूपला लावू नयेत.

हिवाळ्यात वाटाणा स्वस्त आणि गोड असतो. तो पास्त्याबरोबर घाला, आधी नको. पालक गॅस बंद केल्यावर.

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावी. अस्सल पार्मिजानो हे इटालियन चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतं. हिरव्या ठिपक्याचं देशी कडक चीज घ्या आणि त्याचा वरचा कडक तुकडा पाणी घालतानाच सूपमध्ये सोडा. चवीला खोली त्यानेच येते. प्रोसेस्ड चीज चालतं, छान वितळतं, फक्त ते खारट असतं, म्हणून मीठ पाव चमचा कमी. साय किंवा क्रीम घालायचं तर गॅस बंद केल्यावरच, नाहीतर टोमॅटोच्या आंबटपणाने ते फाटतं.

सूप दुसऱ्या दिवसासाठी उरवायचं असेल तर पास्ता घालण्याआधीच निम्मं बाजूला काढा. फ्रिजमध्ये ते तीन दिवस चांगलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी चव वाढलेली असते. खायच्या वेळी उकळी आणायची, कपभर पाणी वाढवायचं आणि माणशी ३५ ग्रॅम पास्ता तेव्हाच टाकायचा. पास्त्यासकट ठेवलेलं सूप सकाळी चमचा उभा राहील इतकं आळलेलं असतं. पाणी घालून ते सैल होतं, दाणा मात्र परत येत नाही, अगदी इटालियन पाकिटातला असला तरी.