चावीचा टायमर: वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर माझ्या टेबलावर साठ मिनिटांचा, पिळून लावायचा एक साधा टायमर आहे. तो मी काम झटपट उरकावे म्हणून घेतलेला नाही. अडलेले काम कधी बाजूला ठेवावे हे मला आपणहून कळत नाही, म्हणून घेतला आहे. मी हिशेब लिहितो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुळेनाशी झाली की माणूस हट्टाला पेटतो, आणि तीच पाने चौथ्यांदा उलटताना आपण काही शोधत आहोत की नुसते बघत बसलो आहोत, हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

मध्यंतरी तेरजेत २,७०० चा फरक येत होता. रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट दिसतो, म्हणून मी १,३५० ची नोंद हुडकायला घेतली आणि तिच्यातच अडकलो. पंचेचाळीस मिनिटांनी टायमर वाजला. तो वाजला की काय तपासले आणि काय राहिले एवढे कागदावर लिहून उठायचे, हा माझा नियम आहे. लिहिताना दिसले की ‘काय तपासले’खाली एकच ओळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कागदावरून नजर फिरवताना लक्षात आले, की २,७०० ला ९ ने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झालेली असू शकते. ६,३०० च्या जागी ३,६०० लिहिलेले सापडायला मग फार वेळ लागला नाही.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली पाण्याच्या भांड्यांची कोडी घालून हेच दाखवले होते: एक रीत हाताला बसली की सोपी वाट समोर असतानाही माणसे जुन्याच रीतीने जातात. टायमर ही रीत मोडत नाही, तो फक्त हात थांबवतो. त्यामुळे तो कागद लिहायचा नसेल, तर हे यंत्र घेण्यात अर्थ नाही.

टायमर लावून कामाचे ठरावीक तुकडे पाडायच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांच्या ‘पोमोडोरो’ पद्धतीतली पंचवीस मिनिटे मला अपुरी पडली, कारण वह्या लावून घेण्यातच त्यातली बरीच सरतात. फोनचा गजर बंद करायला गेलो की संदेश वाचत बसतो. इथे तो धोका नाही. उणिवाही आहेत. टिकटिक शेजारच्याला ऐकू जाते, म्हणून खाली घडी घातलेला रुमाल ठेवावा लागतो, आणि पाच-सात मिनिटांसाठी लावायचा असेल तर चावी आधी पुढे पिळून मग मागे आणावी लागते, नाहीतर घंटा धड वाजत नाही.

अडलेला फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जाण्याची सोय आमच्या धंद्यात आधीपासून आहेच, पण तिथे टाकलेली रक्कम कधीतरी उचलावीच लागते. म्हणून वार्षिक हिशेब बंद करायच्या आठवड्यात मी हा टायमर खणात ठेवून देतो.